फ्लशला एसटीपीचं पाणी: सभासद ‘नको’ का म्हणतात आणि त्यावर काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पश्चिम भागातली २०० फ्लॅट्सची सोसायटी. बिल्डरने एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन दिली आहे. वर्षभर प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला सोडलं, पण आता तक्रारींचा पाऊस पडतोय. पिवळं पाणी, वास, कमोडला डाग, ‘मुलांना इन्फेक्शन होईल’, ‘संडासाचं पाणी पुन्हा घरात कशाला?’ येत्या सर्वसाधारण सभेत ही लाइन कायमची बंद करण्याचा ठराव येणार आहे आणि दुसरीकडे उन्हाळ्यात रोज टँकर मागवावे लागतात. कमिटी विचारते, सभासदांना पटवायचं कसं?

पटवायला जाऊ नका, निदान इतक्यात तरी नको. पिवळं आणि वास मारणारं पाणी चांगलं आहे असं कुणालाही पटवता येत नाही आणि पटवूही नये. नाक आणि डोळे ही माणसाची सगळ्यात जुनी प्रयोगशाळा आहे आणि सांडपाण्याच्या बाबतीत तिचा अहवाल सहसा खरा निघतो. ‘लोकांची मानसिकता’ हा शब्द कमिटीच्या बैठकीत फार लवकर येतो. दहातल्या सात-आठ तक्रारी मानसिकतेच्या नसतात, ब्लोअरच्या (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या), कार्बन फिल्टरच्या नाहीतर गच्चीवरच्या टाकीच्या असतात. त्या मिटल्यावर उरते ती खरी किळस. तिचाही विचार करायचा आहे, पण नंतर.

आधी तक्रारी नीट लिहून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फार घाण पाणी येतंय’ एवढंच येतं, त्यातून काही कळत नाही. एका कागदावर चार गोष्टी विचारा: कोणती विंग आणि मजला, किती वाजता, रोज की अधूनमधून, आणि वास कशासारखा. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण निम्मं निदान त्यातच होतं.

सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे पाण्याला कुठेतरी ऑक्सिजन मिळालेला नाही. सगळ्या विंगमध्ये दिवसभर येत असेल तर दोष प्लँटमध्ये. एकाच विंगमध्ये येत असेल तर त्या विंगच्या गच्चीवरची फ्लशची टाकी उघडून बघा, तळाशी बोटभर काळा गाळ सापडेल. पिण्याच्या पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुतात, फ्लशची टाकी मात्र बिल्डरने ताबा दिल्यापासून कुणी धुतलेली नसते. आणि फक्त सकाळच्या पहिल्या फ्लशला, किंवा गावाहून परतल्यावर वास येत असेल तर पाणी पाइपात आणि सिस्टर्नमध्ये (कमोडमागच्या टाकीत) साचून कुजलं, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक नव्हतं.

कुबट, मातकट वास असेल तर प्लँटमध्ये मैला खाणाऱ्या जिवाणूंचं काम बरं चाललंय, कार्बन फिल्टर मात्र संपलाय. औषधी, स्विमिंग पूलसारखा वास येत असेल तर अमोनिया शिल्लक राहतोय आणि ऑपरेटर तो लपवायला हायपो (क्लोरीनचं द्रावण) ओततोय. या शेवटच्या प्रकाराकडे पुढे परत येऊ, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

रंगासाठी पांढरी बादली पुरते. एका बादलीत नळाचं पाणी, दुसरीत फ्लशचं, दोन्ही वीतभर खोल, दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवायच्या. मग फ्लशचं पाणी दुहेरी घडी घातलेल्या स्वच्छ सुती कापडातून किंवा फिल्टर पेपरमधून गाळायचं. गाळल्यावर पिवळेपणा स्पष्ट कमी झाला तर तो तरंगता गाळ आहे, म्हणजे सेटलर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि सँड फिल्टरकडे बघा. गाळूनही तसाच राहिला तर रंग विरघळलेला आहे आणि तो कार्बननेच जाईल. तिसरी चाचणी बाटलीची. स्वच्छ काचेची बाटली तोंडापर्यंत भरून घट्ट झाकण लावा आणि खोलीत, उन्हापासून दूर, दोन दिवस ठेवा. उघडल्यावर वास आला तर पाण्यात अजून कुजण्यासारखं काही उरलेलं आहे. नमुना हायपो घालण्याआधीचा घ्या, नाहीतर क्लोरीन दोन दिवस पांघरूण घालेल आणि पाणी पास झाल्यासारखं दिसेल. ही चाचणी प्रयोगशाळेच्या बीओडी (पाण्यात कुजण्यासारखं किती उरलंय) अहवालाची जागा घेत नाही. पण अहवाल महिन्यातून एकदा येतो आणि बाटली रोज भरता येते.

आता प्लँट. तुमच्या आकाराच्या सोसायटीचं गणित असं: मंजुरीच्या वेळी दर फ्लॅटमागे ५ माणसं धरतात, म्हणजे १,००० माणसं. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ४५ लिटर फ्लशचं. रोज १,३५,००० लिटर पाणी वापरलं जातं आणि त्याचं साधारण १,१०,००० लिटर सांडपाणी होतं. फ्लशची गरज ४५,००० लिटर, बागेची १०,००० ते १५,००० लिटर. म्हणजे सगळं धरूनही निम्म्याच्या आसपास पाणी वापरात येतं, उरलेलं ड्रेनेजला जातंच. हा आकडा लक्षात ठेवा, त्यावर पुढचा एक मोठा निर्णय अवलंबून आहे.

बहुतेक सोसायट्यांत एमबीबीआर पद्धतीचा प्लँट असतो: जाळी, तेल-ग्रीसचा चेंबर, इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी साठवणारी), प्लास्टिकच्या चाकांसारखा मीडिया (त्यावर जिवाणू वाढतात) असलेली हवेची टाकी, ट्यूब सेटलर, क्लोरीन, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर. काही ठिकाणी शेवटी अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ), म्हणजे बारीक पडद्यांतून गाळणं. नापास होण्याची जागा बहुधा पहिल्या अर्ध्या भागात असते आणि पैसे मात्र शेवटच्या अर्ध्यावर खर्च होतात. पाणी खराब आलं की विक्रेता सांगतो, ‘यूएफ बसवा, ओझोन बसवा.’ सेटलरमधून गाळ वर येत असताना यूएफ बसवली तर महिन्याभरात पडदे चोंदतात आणि मग बायपास वॉल्व्ह कायमचा उघडा राहतो.

सगळ्यात जास्त आढळणारी गडबड फ्लोची आहे. १,१०,००० लिटर २० तासांत प्रक्रिया करायचं तर ताशी साडेपाच हजार लिटर. पण कच्च्या मैल्याचा पंप बारीक आकारात नीट चालत नाही, चोंदतो, म्हणून तो ताशी १०,००० ते १५,००० लिटरचा बसवलेला असतो. जादाचं पाणी परत इक्वलायझेशन टाकीत सोडणारी एक रिटर्न लाइन आणि वॉल्व्ह असतो. कुणीतरी तो वॉल्व्ह कधीतरी बंद केलेला असतो. मग सकाळी सहा ते दहा, जेव्हा आंघोळी, धुणी, स्वयंपाक सगळं एकदम येतं, तेव्हा प्लँटमधून दुपटी-तिपटीने पाणी धावतं. साडेनऊला सेटलरजवळ उभं राहिलं तर तपकिरी ढग ट्यूबांमधून वर चढताना आणि काठावरून पुढे जाताना दिसतात. हेच पाणी दुपारपर्यंत गच्चीवर पोहोचतं आणि संध्याकाळी तक्रारी येतात. उपाय फुकट आहे: बादली आणि घड्याळ घेऊन सेटलरमध्ये येणारा फ्लो मोजा आणि रिटर्न वॉल्व्ह तेवढा उघडून त्याचं हँडल काढून ठेवा.

दुसरी गडबड हवेची. रात्री ब्लोअरचा आवाज येतो म्हणून पहिल्या मजल्यावरचे काका तक्रार करतात आणि सिक्युरिटीला ‘अकरा ते सहा बंद ठेवा’ असं तोंडी सांगितलं जातं. सात तास हवा नसलेल्या टाकीतून सकाळी सडक्या अंड्याचा वास येणारच. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ ते ३ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. आवाजाला ॲकॉस्टिक हूड, रबर माउंट आणि सायलेन्सर हे उपाय आहेत, स्विच हा उपाय नाही. हवा नीट पसरते का हे डोळ्यांनीच दिसतं: पृष्ठभागावर सगळीकडे बारीक बुडबुडे हवेत. एकाच कोपऱ्यात भाताच्या पातेल्यासारखी मोठी उकळी दिसली तर तिथला डिफ्यूझर (तळाशी हवा सोडणारा भाग) फाटलाय आणि बाकीच्यांना हवा मिळत नाही. मीडियाचं एक चाक उचलून बघा. आतल्या कप्प्यांत पातळ तपकिरी थर असेल तर ठीक. काळा, बुळबुळीत असेल तर हवा कमी पडतेय. कोरं पांढरं असेल तर जिवाणू जगलेच नाहीत, आणि मग चौकशी करा की दिवाळीच्या साफसफाईत किती घरांनी ॲसिड आणि ब्लीच ओतलं. त्यातून सावरायला एक ते दोन आठवडे लागतात. शेण टाकण्याची पद्धत रूढ आहे, पण नीट चालणाऱ्या दुसऱ्या एसटीपीचा ताजा गाळ आणून टाकला तर काम लवकर होतं.

नव्या सोसायट्यांत उलटी अडचण असते. २०० पैकी ३०-४० घरांत वस्ती आणि प्लँट पूर्ण क्षमतेचा. जिवाणूंना खायलाच मिळत नाही. तिथे पूर्ण प्लँट रेटण्यात अर्थ नाही. दोन टाक्या असतील तर एक बंद ठेवा, हवा टायमरवर द्या आणि वस्ती निम्म्यावर येईपर्यंत पाणी फक्त बागेला वापरा.

आता अमोनिया आणि हायपो. चांगल्या पाण्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतं. ४५,००० लिटरला २२५ ग्रॅम, म्हणजे १० टक्के ताकदीचं हायपो सव्वादोन लिटर. पण पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जुळतं आणि क्लोरामाइन तयार होतं, तोच तो औषधी वास. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या पार जायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. लिटरमागे १० मिलिग्रॅम अमोनिया राहिला असेल तर रोज ४० लिटरच्या आसपास हायपो ओतावं लागेल. कुणी ओतत नाही, आणि ओतलं तर सिस्टर्नचे रबर वॉशर अकाली कडक होऊन फ्लश गळायला लागतात. अमोनिया हवेच्या टाकीतच संपवायचा असतो, क्लोरीनने नव्हे. हायपो कॅनमध्ये पडून कमकुवत होतं, उन्हात तर फारच लवकर. म्हणून पंधरा दिवसांपुरतंच मागवा, सावलीत ठेवा, आणि मोजमाप कॅनच्या लेबलवर करू नका. सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या सिस्टर्नमध्ये ०.५ ते १ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) शिल्लक क्लोरीन सापडलं पाहिजे. नळाच्या पाण्यासाठी मिळतो तोच थेंब टाकून रंग बघायचा किट चालतो.

सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून धुणं) रोज १० ते १५ मिनिटं, किंवा आत-बाहेरच्या दाबाच्या गेजमध्ये ०.५ किलोचा फरक दिसला की लगेच. गेज बहुतेक ठिकाणी तुटलेले असतात, ते आधी बदला. कार्बन चांगल्या प्लँटवर वर्षभर टिकतो, वाईट प्लँटवर तीन महिन्यांत संपतो. कार्बन धुऊन नवा होत नाही, ‘वॉश करून परत भरला’ असं बिल आलं तर ते पाण्याचं बिल आहे असं समजा.

डागांचं वेगळं. कमोडमधली पांढरट-पिवळी रेघ बहुतेक वेळा क्षारांची असते. वापरात पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) साधारण २०० ते ४०० ने वाढतो आणि एसटीपी तो कमी करत नाही. धरणाचं पाणी असेल तर फरक पडत नाही. पण उन्हाळ्यात बोअरचं ८०० टीडीएसचं पाणी वापरलं की फ्लशला ते हजाराच्या वर जातं. सभासदांना हे सरळ सांगा: डाग पडतील, सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरने जातील, हा घाणीचा पुरावा नाही. जे सुधारता येत नाही ते आधीच सांगितलं की उरलेल्यावर विश्वास बसतो.

वर म्हटलेला मोठा निर्णय असा: वाईट दिवसाचं पाणी फ्लशला सोडायचंच नाही. तुम्हाला निम्मंच पाणी हवं आहे, त्यामुळे टाकून देण्याची चैन तुम्हाला परवडते. फिल्टरनंतर एक वॉल्व्ह असा ठेवा की पाणी गच्चीऐवजी ड्रेनेजला वळवता येईल, आणि ऑपरेटरला लेखी अधिकार द्या की बादलीत पाणी धूसर दिसलं किंवा वास आला तर कुणालाही न विचारता वळवायचं. गढूळपणा मोजणारं छोटं मीटर घेतलंत तर हद्द २ एनटीयू ठेवा. त्या दिवशी फ्लशच्या टाकीत साधं पाणी सोडा. टँकर जास्त लागतील, लागू देत. लोक शंभर चांगले दिवस विसरतात आणि पाहुणे आले असताना आलेला एक पिवळा फ्लश तीन वर्षं आठवतात.

साधं पाणी फ्लशच्या टाकीत सोडणारा पाइप कसा जोडलाय हे मात्र आज संध्याकाळीच गच्चीवर जाऊन बघा. तो टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर, हवेत मोकळा सुटलेला हवा, पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवून. पाण्यात बुडालेला असेल, किंवा दोन्ही लाइन फक्त नॉन-रिटर्न वॉल्व्हने जोडलेल्या असतील, तर तो जोड काढून टाका. नॉन-रिटर्न वॉल्व्हमध्ये एक केस किंवा वाळूचा कण अडकला की तो दोन्ही बाजूंनी उघडा असतो.

इथून आपण ‘इन्फेक्शन’ या तक्रारीकडे येतो, आणि इथे सभासदांची भीती कमिटीला वाटते त्यापेक्षा जास्त रास्त आहे. क्लोरीन शिल्लक असलेलं स्वच्छ पाणी कमोडमध्ये पडून कुणी आजारी पडण्याची शक्यता अगदी कमी. कमोडमध्ये जे आधीच असतं त्यापुढे त्या पाण्याने फारशी भर पडत नाही. झाकण लावून फ्लश करावं, आणि घरातला कुत्रा कमोडमधलं पाणी पीत असेल तर ती सवय तोडावी. खरा धोका लाइन चुकून जोडल्या जाण्याचा आहे, आणि आपल्याकडे त्याची एक खास जागा आहे: जेट स्प्रे. बाथरूमचं नूतनीकरण करताना फ्लशचा अँगल कॉक आणि जेटचा अँगल कॉक एकमेकांपासून वीतभरावर असतात. नवा प्लंबर टाइल फोडायची नको म्हणून फ्लशच्याच कॉकला टू-वे लावतो आणि जेट तिथून घेतो. घरात कुणाला कळत नाही. पाणी अंगाला लागतं, हाताला लागतं, आणि काही घरांत त्याच जेटने बाथरूम आणि मुलांचे पायही धुतात.

तपासणी अशी करा. एका विंगला आदल्या दिवशी सूचना द्या. साध्या पाण्याचा मेन वॉल्व्ह बंद करा, फ्लशची लाइन चालू ठेवा. प्रत्येक फ्लॅटमध्ये फ्लश सोडून सगळे नळ, शॉवर, जेट, वॉशिंग मशीनचा पॉइंट उघडा, पाइपातलं उरलेलं पाणी निघून जाऊ द्या आणि पाच मिनिटं थांबा. त्यानंतरही कुठल्या तोंडातून धार चालू राहिली तर ती फ्लशच्या लाइनवर आहे. मग उलट: फ्लशची लाइन बंद, साधी चालू, आणि रिकामा केलेला सिस्टर्न भरतोय का ते बघा. शंका उरली तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा निळा रंग घाला. बंद फ्लॅट वेगळे नोंदवा, चावी मिळाल्यावर तपासा, तोवर यादी अपुरी आहे असंच लिहा. ५० फ्लॅटची विंग दोन प्लंबर आणि एक कमिटी सदस्य एका दिवसात उरकतात. वर्षातून एकदा, आणि प्रत्येक नूतनीकरणानंतर त्या फ्लॅटची. दुरुस्तीच्या परवानगीच्या फॉर्मवर एक ओळ घाला: फ्लशच्या लाइनवरून दुसरा कोणताही जोड घेणार नाही आणि काम संपल्यावर तपासणी झाल्याशिवाय डिपॉझिट परत मिळणार नाही. डक्टमधले फ्लशचे पाइप जांभळ्या रंगाने रंगवा, दर मजल्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ लिहा. रंगाचा एक डबा शंभर सूचनांपेक्षा जास्त काळ टिकतो.

नमुन्याबद्दल एक. प्रयोगशाळेचा माणूस प्लँटवरून बाटली भरून नेतो आणि अहवाल उत्तम येतो. सभासद प्लँटवर राहत नाहीत. नमुना सगळ्यात लांबच्या फ्लॅटमधून घ्या, जिवाणूंच्या चाचणीसाठी बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेलं आहे ना ते विचारा, नाहीतर वाटेत क्लोरीन काम करत राहतं आणि आकडा खोटा चांगला येतो. अहवाल लिफ्टजवळ लावा. नापास झाला तरी लावा.

एवढं झाल्यावर उरते ती किळस. तिला अडाणीपणा म्हणू नका. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने लोकांसमोर रसाच्या पेल्यात निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून काढलं. झुरळ निर्जंतुक आहे हे सांगूनही लोक तो रस प्यायला तयार होईनात. एकदा स्पर्श झाला की तो कायम राहतो असं मन मानतं, आणि आपल्याकडे तर उष्टं, ओवळं, विटाळ असे त्यासाठी वेगवेगळे शब्दच आहेत. या भावनेवर आकडे चालत नाहीत. चालतं ते दोन प्रकारचं अंतर: पाणी आणि शरीर यांच्यातलं, आणि पाणी आणि त्याचा उगम यांच्यातलं. बाग, गाडी धुणं आणि फ्लशला विरोध कमी, कपड्यांना जास्त, पिण्याला सगळ्यात जास्त, असा क्रम सहसा दिसतो.

उगमापासूनच्या अंतराची गंमत बघा. पुण्याचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलंही, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात जातं. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं, अर्थात शुद्ध करून. म्हणजे पुनर्वापर चालूच आहे, फक्त मध्ये नदी असल्यामुळे त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. अमेरिकेत ऑरेंज काउंटीने हेच ओळखून २००८ पासून अतिशुद्ध केलेलं सांडपाणी आधी जमिनीत मुरवलं आणि मग विहिरींतून उपसलं. सिंगापूरने ‘न्यूवॉटर’ असं नाव दिलं, २००२ च्या राष्ट्रीय दिनाला त्याच्या बाटल्या वाटल्या, लोकांसाठी बघायला केंद्र उघडलं. आणि तरीही तिथलं बरंचसं न्यूवॉटर कारखान्यांनाच जातं. उलट ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात, भर दुष्काळात, २००६ साली झालेल्या मतदानात सुमारे ६२ टक्के लोकांनी अशी योजना फेटाळली. शेवटी विवेनहो धरणातून पाइपलाइनने पाणी आणावं लागलं. योजनेमागचं तंत्र चुकीचं नव्हतं. पण बऱ्याच लोकांना ती समजली तेव्हा निर्णय जवळपास झाल्यासारखा दिसत होता. सोसायटीच्या सभेत ‘आता पाइप टाकलेच आहेत तर वापरू’ हे वाक्य नेमकं तसंच ऐकू येतं.

तुमच्या बाबतीत पिण्याचा प्रश्नच नाही, आणि हे पहिल्या वाक्यात सांगा. ‘रिसायकल्ड पाणी’ एवढंच लिहिलं की अर्ध्या लोकांना ते नळाला येणार असं वाटतं. सूचनेत स्पष्ट लिहा: कुठे वापरलं जातं (फ्लश आणि बाग), कुठे कधीच नाही (नळ, शॉवर, जेट, वॉशिंग मशीन, पोहण्याचा तलाव). ‘शुद्ध जल’, ‘अमृत’ असली नावं देऊ नका, लोक हसतात. ‘एसटीपीचं पाणी’ हे सगळ्यांच्या तोंडातलं नाव ठीक आहे.

सुरुवात करायची विंग निवडताना एक चूक टाळा. बऱ्याच ठिकाणी हे पाणी आधी सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या संडासाला सोडतात. त्यातून जो निरोप जातो तो सगळ्यांना बरोबर कळतो: हे पाणी कमी प्रतीच्या माणसांसाठी आहे. त्यानंतर कुणी ते आपल्या घरात घेईल ही अपेक्षाच करू नये, आणि कर्मचाऱ्यांचा अपमान होतो तो वेगळाच. अध्यक्ष आणि सेक्रेटरी ज्या विंगमध्ये राहतात ती आधी घ्या, क्लबहाउसचं टॉयलेट तिच्या सोबत. दोन महिने. या काळात बाकीच्या विंगला साधं पाणी. रविवारी सकाळी प्लँट बघायला खुला ठेवा, पण लोकांना खाली नेण्याआधी वास, जाळी, तुटके दिवे साफ करा. टाकीत कुणालाही उतरू देऊ नका, कर्मचाऱ्यांनाही नाही. आतल्या वायूने दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय सफाईसाठी कुणाला मैल्याच्या टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. गाळ बाहेरून पंपाने काढायचा.

धार्मिक कारणाने ‘नको’ म्हणणारे एखाद-दोन असतील. त्यांच्याशी सभेत वाद घालू नका, घरी जाऊन बोला. मुस्लिम शेजाऱ्यांकडून प्रश्न आला तर माहिती असावी की सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ धर्मपंडितांच्या परिषदेने १९७८ मध्येच नीट शुद्ध केलेल्या सांडपाण्याला, अगदी वजूसाठीही, मान्यता दिली होती. देवघराला लागून असलेल्या संडासाबद्दल हरकत असेल तर ती पाण्याची नाही, वास्तूची आहे, आणि ती एसटीपीने सुटणार नाही.

पैशांचा मुद्दा शेवटी आणि छोटा ठेवा, आधी मांडला तर ‘पैसे वाचवायला आमच्या घरात घाण’ असं होतं. ४५,००० लिटर म्हणजे १०,००० लिटरचे साडेचार टँकर. तुमचा दर १,२०० रुपये धरला तर दिवसाला ५,४००, उन्हाळ्याच्या ९० दिवसांत पावणेपाच लाखांच्या वर. प्लँटची वीज आणि ऑपरेटरचा पगार यात वजा करू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रानुसार प्लँट तुम्हाला चालवावाच लागतो, पाणी वापरा किंवा गटारात सोडा. जादा खर्च फक्त फिल्टर पंप, कार्बन, हायपो आणि तपासण्यांचा.

सभेसमोर ‘लाइन बंद’ विरुद्ध ‘लाइन चालू’ असा ठराव येऊ देऊ नका, आज मत घेतलंत तर हराल आणि ते योग्यच होईल. दुरुस्ती ठराव असा मांडा: सर्व विंगची फ्लशची लाइन आजपासून साध्या पाण्यावर. फ्लो, हवा आणि फिल्टरची दुरुस्ती सहा आठवड्यांत. सर्व फ्लॅट्सची जोड-तपासणी, यादी फलकावर. त्यानंतर एका विंगमध्ये दोन महिने चाचणी, रोजची बादली आणि क्लोरीनची नोंद लिफ्टजवळ. बाकीच्या विंगचं मतदान त्या नोंदी समोर ठेवून, विंगनिहाय. आणि ज्या विंगने नकार दिला तिने आपल्या फ्लशच्या टँकरचा खर्च स्वतंत्र भरायचा की नाही, हे त्याच सभेत, चाचणीच्या आधी ठरवून घ्या. नंतर विचारलं तर ती शिक्षा वाटते.